अंतर राखणारा

बोनेट उघडलं की इंजिनाच्या आधी नजर त्याच्यावर जाते. रंग बहुधा लाल, कधी निळा, कधी झिलई केलेल्या ॲल्युमिनियमचा. इंजिनाच्या वरून या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा पसरलेला. दोन्ही टोकांना गोल कापलेल्या जाड पट्ट्या, आणि त्या पट्ट्या गाडीच्या अंगातून वर आलेल्या बोल्टांवर बसवून नटांनी आवळलेल्या. त्या खोलीत बाकी प्रत्येकाला काही ना काही हालचाल आहे. पट्टा फिरतो, पंखा फिरतो, पाणी तापतं आणि निवतं, पिस्टन मिनिटाला हजारो वेळा वरखाली होतात. हा एकटा जागचा हलत नाही. न हलणं हीच त्याची नोकरी आहे.

त्याचं नाव स्ट्रट बार. कोणी टॉवर बार म्हणतं, कोणी नुसतं ब्रेस. वेगवान गाड्यांच्या शौकिनांत त्याला मोठा मान आहे. तो बसवला की गाडी वळणाला चिकटून जाते, स्टिअरिंग सुरीसारखं धारदार होतं, असं ते सांगतात. दुसऱ्या बाजूला गाड्या कोळून प्यालेले अनेक जण त्याच्याकडे पाहून मान हलवतात. त्यांच्या मते हा बोनेटखालचा दागिना, बाकी काही नाही. या दोघांनीही त्याला नीट ओळखलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे. त्याची खरी ओळख करून घ्यायची तर शर्यतीच्या ट्रॅकपेक्षा पोहरादेवीच्या यात्रेतला गाड्यांचा तळ बरा.

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. इथे जगदंबा देवी आहे, संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. नंगाऱ्याच्या आकाराची इमारत असलेल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते इथेच झालं. रामनवमीला महाराष्ट्राबरोबरच तेलंगणा, कर्नाटक, आंध्र अशा राज्यांतूनही भाविक येतात. भार वाहणं हा या समाजाचा पिढ्यान्पिढ्यांचा व्यवसाय. धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून लदेणीचे तांडे मुलूखच्या मुलूख ओलांडत. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये याने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. पाठीवरचा भार दोन्ही अंगांना सारखा बसला नाही तर बैल कोसांमागून कोस चालू शकत नाही. भार कुठे टेकतो आणि कुठून कुठे जातो, हे ज्यांना कळत होतं त्यांच्याच जिवावर तो व्यापार चालला. आज त्या वाटांनी गाड्या येतात, आणि प्रत्येक जातीच्या गाडीत भाराचा हिशेब वेगळा मांडलेला असतो.

तळावर उभ्या असलेल्या गाड्यांकडे या नजरेने पाहिलं की आपल्या नायकाचे सगेसोयरे कोण आणि परके कोण हे लगेच कळतं. एसटीची लालपरी, ट्रक, नाशिकच्या कारखान्यातली बोलेरो ही सगळी लॅडर चेसिसची मंडळी. दोन लांब पोलादी तुळया, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, आणि त्यावर ठेवलेलं अंग. बसच्या, ट्रकच्या चाकाचा धक्का पाट्यांतून थेट चेसिसला जातो. त्यांचं बोनेट उघडा, स्ट्रट बारला बसायला जागाच सापडणार नाही. तिथे आडवं बांधून ठेवण्याचं काम जन्मापासूनच चेसिसच्या पट्ट्या करतात.

पलीकडे मारुती ८००, स्विफ्ट, वॅगनआर, पोलो. यांना वेगळी चेसिस नाही. पत्र्याचे शेकडो तुकडे ठिपक्या-ठिपक्यांच्या वेल्डिंगने एकमेकांना जोडून जे कवच तयार होतं तेच यांचं हाड आणि तेच कातडं. या रचनेला मोनोकॉक म्हणतात. यांच्या पुढच्या प्रत्येक चाकावर स्प्रिंग आणि शॉकअप मिळून एक उभा खांब असतो, तो स्ट्रट. त्या खांबाचं वरचं टोक इंजिनाच्या खोलीच्या दोन्ही कडांना पत्र्यात घडवलेल्या उंच भागात अडकवलेलं असतं. तो टॉवर. डावीकडे एक, उजवीकडे एक. यांच्यामधलं अंतर हा आपल्या नायकाचा सगळा संसार.

या खांबाचा जनक अर्ल मॅकफर्सन नावाचा अमेरिकी अभियंता. दुसऱ्या महायुद्धानंतर तो जनरल मोटर्समध्ये शेव्हर्ले कॅडेट नावाची छोटी, स्वस्त गाडी घडवत होता. ती योजना १९४७ साली गुंडाळली गेली, मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला, आणि १९५० च्या लंडनच्या मोटार प्रदर्शनात फोर्डच्या कॉन्सुल आणि झेफर या गाड्या त्याचे खांब घेऊन उभ्या राहिल्या. त्याने केलेली युक्ती साधी आणि मोठी होती. आधीच्या चांगल्या गाड्यांत चाक सरळ धरायला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म लागत. कुर्ल्यात बनणाऱ्या आपल्या पद्मिनीतही पुढे तशीच मांडणी होती. मॅकफर्सनने वरचा आर्म काढून टाकला आणि त्याचं काम शॉकअपच्या दांड्यावर सोपवलं. सुटे भाग कमी झाले, खर्च घटला, इंजिनाला जागा मिळाली. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा हा खांब भारतातल्या मध्यमवर्गाच्या दारात पोचला. आज आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढे याच खांबावर उभ्या आहेत.

पण आर्म गेला तरी त्याच्यावर येणारा जोर गेला नाही. तो वर सरकला आणि टॉवरच्या पत्र्यावर जाऊन बसला. स्ट्रट बारचा जन्म या सरकलेल्या जोरातून झाला आहे. ज्या गाडीत चाक दोन आर्मनी धरलेलं असतं तिथे आडवा जोर ते आर्म घेतात, आणि वरच्या माउंटिंगवर मुख्यतः स्प्रिंगचा उभा भार येतो. तिथे या बारच्या वाट्याला फार थोडं काम उरतं. स्ट्रटच्या गाडीत मात्र टॉवर किती आणि कुठे हलतात, हा विचारण्याजोगा प्रश्न तरी आहे.

तो प्रश्न समजून घ्यायला मानोऱ्याच्या बाजूचा रस्ता उपयोगी पडतो. हा मुलूख काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर घातलेला डांबरी रस्ता पायाची पुरेशी तयारी नसेल तर काही पावसाळ्यांत लाटांसारखा वरखाली होतो, कडा खचतात, खड्डे पडतात. अशा खड्ड्यात गाडीचं पुढचं चाक आदळलं की जमीन चाकाला वर ढकलते. पण चाक स्ट्रटच्या वरच्या टोकाच्या बरोबर खाली नसतं, ते थोडं बाहेर असतं. म्हणून वर जाणारा तो धक्का टॉवरला उभा दाबतोच, शिवाय आतल्या बाजूलाही ढकलतो. नेहमीच्या मापांची छोटी गाडी धरली तर आतला जोर उभ्या जोराच्या अंदाजे पाव भागाइतका येतो. दोन्ही चाकं एकदम आदळली तर दोन्ही टॉवर एकमेकांकडे झुकू पाहतात. अशा वेळी मध्ये आडवा उभा असलेला स्ट्रट बार दोघांनाही छातीवर घेतो. त्याच्या आयुष्यातलं हे सगळ्यात सरळ, सगळ्यात प्रामाणिक काम.

आता वळण पाहू, कारण त्याची कीर्ती वळणावरच आहे. गाडी वेगाने डावीकडे वळते तेव्हा जमीन चारही टायरना डावीकडे ढकलते. चाकाचा तळ डावीकडे ओढला गेला की माथा उजवीकडे कलू पाहतो, आणि स्ट्रटचं वरचं टोक टॉवरला उजवीकडे ढकलतं. ही गोष्ट दोन्ही चाकांवर एकाच दिशेने घडते. म्हणजे दोन्ही टॉवर मिळून उजवीकडे जाऊ पाहतात, आणि त्यांच्यामधलं अंतर फारसं बदलतच नाही. शिवाय भार ज्याच्यावर सगळ्यात जास्त आलेला असतो त्या बाहेरच्या चाकावर उभ्या भाराचा आतला रेटा आणि वळणाचा बाहेरचा रेटा एकमेकांविरुद्ध असतात आणि बऱ्याच प्रमाणात एकमेकांना खोडतात. नुसता आडवा बार इथे फार तर एका टॉवरवरचा जास्तीचा जोर दुसऱ्याला वाटून देतो. दोघेही एकत्र सरकले तर तोही त्यांच्याबरोबर सरकतो. म्हणून ज्यांना वळणासाठी खरोखर काही करायचं असतं ते टॉवरला इंजिनाच्या खोलीच्या मागच्या भिंतीशी, म्हणजे फायरवॉलशीही बांधतात. आडव्या दांड्याला तिरक्या भुजा मिळाल्या की चौकोनाचा त्रिकोण होतो, आणि त्रिकोण भुजांची लांबी न बदलता कलंडवता येत नाही.

बैलजोडीच्या मानेवरचं जू आठवावं. दोन्ही बैल एका चालीने चालत असले की जू नुसतं मानेवर असतं. एक बैल आत घसरू लागला की त्याला तिथेच थोपवणारं जूच असतं. पण दोन्ही बैलांनी मिळून बांधाकडे धाव घेतली तर जू त्यांना अडवू शकत नाही, तेही बांधाकडे जातं. स्ट्रट बारची ताकद आणि मर्यादा नेमकी हीच आहे.

म्हणून मी म्हणतो की त्याला शर्यतवीर म्हणून विकलं गेलं, पण स्वभावाने तो खराब रस्त्याचा सेवक आहे. त्याच्या घराण्याचा इतिहासही हेच सांगतो. साठच्या दशकात अमेरिकेतल्या फोर्ड मस्टँगच्या पुढच्या टॉवरांना मागच्या भिंतीशी जोडणारे दोन सुटे पत्रे असत. त्यांच्या जागी बसणारा एकसंध, दणकट तुकडा ‘एक्स्पोर्ट ब्रेस’ म्हणून ओळखला गेला, कारण तो परदेशात पाठवायच्या, जास्त खडबडीत रस्ते सोसायच्या गाड्यांसाठी होता. त्याचा जोडीदार म्हणजे दोन टॉवरांमधला आडवा ‘माँटे कार्लो बार’. माँटे कार्लो रॅलीत उतरलेल्या फोर्ड फाल्कन गाड्यांवरून त्याला ते नाव मिळालं. १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० मध्ये हे दोघेही कारखान्यातूनच बसवून आले. त्या गाड्यांत मॅकफर्सनचा स्ट्रट नव्हता, पण स्प्रिंगचा सगळा भार टॉवरच पेलत होते, आणि वर्षानुवर्षं सोसून ते आत कलल्याच्या तक्रारी जुन्या मस्टँग सांभाळणारे आजही करतात. रॅली म्हणजे उघड्यावरचे, तुटके, बर्फाचे, खडीचे रस्ते. हा त्या रस्त्यांवरचा माणूस.

आपल्या किनाऱ्यालाही त्या रस्त्यांची धूळ लागलेली आहे. १९६८ च्या लंडन ते सिडनी मोटार मॅरेथॉनच्या गाड्या युरोप आणि पश्चिम आशिया ओलांडून डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईत पोचल्या आणि इथून चुसान जहाजाने ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला गेल्या. ती मोहीम अँड्र्यू कोवन आणि त्याच्या साथीदारांच्या हिलमन हंटरने जिंकली. गाडी साधी, घरगुती, आणि पुढे मॅकफर्सनचेच खांब. स्ट्रटची रचना नाजूक आहे, ती खडतर वाटेला टिकत नाही, असं म्हणणाऱ्यांना त्या गाडीने हजारो मैलांचं उत्तर दिलं. रॅलीसाठी गाडी तयार करणारे लोक कवचाच्या सांध्यांवर जास्तीचं वेल्डिंग करतात, टॉवरना पत्र्याचे थर देतात. बार हा त्या कामाच्या शेवटी बसतो, सुरुवातीला नाही.

महाराष्ट्रात त्याला साजेशी घरं बरीच आहेत. चाकणची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१३ साली आली तेव्हा तिच्यात १०५ अश्वशक्ती होती. रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ च्या ऑक्टोबरात १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो निघाली. त्याआधी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जुळवलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसने एका पिढीला वेगाचं वेड लावलं होतं. तिन्ही गाड्या पुढे मॅकफर्सन स्ट्रटवर. यांच्या मालकांनी ताम्हिणीच्या घाटात पहाटे गाडी चालवायची, आणि परतताना बोनेटखाली लाल बार लावून घ्यायचा, हा पुण्या-मुंबईकडचा परिचित शौक. २०१० साली सुरू झालेल्या पोलो कपच्या शर्यतीतल्या गाड्या पाहिल्या की मात्र त्याचा थोरला भाऊ भेटतो. तो रोल केज. चालकाभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा, जो कवचाला आतून जखडतो. काही रॅली गाड्यांत तर त्याच्या भुजा पुढे टॉवरपर्यंत नेलेल्या असतात. तिथे आपल्या नायकाचं काम थोरल्याने अंगावर घेतलेलं असतं.

आता त्याच्या अंगकाठीबद्दल. हा स्वभावाने सरळ असेल तरच उपयोगाचा. एक मीटर लांबीची, २५ मिलिमीटर जाडीची, २ मिलिमीटर भिंतीची सरळ पोलादी नळी घ्या. दोन्ही बाजूंनी ३०० किलोचा रेटा दिला तर ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीच आखडते. आता इंजिनाचं झाकण आड येतं म्हणून तिलाच मध्ये ६ सेंटिमीटरचा बाक द्या, आणि टोकं वळायला मोकळी असतील असं धरा. तोच रेटा आता तिला जवळपास ३ मिलिमीटर दाबतो. पोलाद तेच, वजन तेच, पण ताठपणा सुमारे तिसाव्या हिश्श्यावर आला. बाजारात दिसणारे कमानदार, नक्षीदार बार मोठ्या संख्येने याच कुळातले असतात. त्यातही टोकाची पट्टी आणि मधली नळी एका बोल्टवर जोडलेली असेल, तर तो सांधा बिजागरीसारखा वळतो आणि पातळ पट्टी वाकते. ॲल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, म्हणून त्याच जाडीचा ॲल्युमिनियमचा बार हलका असतो तसाच लवचीकही असतो. रंगाला, लोगोला, झिलईला या हिशेबात कुठेच जागा नाही.

आणि समजा टॉवर खरंच १ मिलिमीटर सरकला, तर चाकाचं काय बिघडतं? खालच्या बॉल जॉइंटपासून वरच्या माउंटिंगपर्यंतची उंची साधारण ६५ सेंटिमीटर धरली, तर चाकाचा उभा कल, म्हणजे कँबर, सुमारे ०.०९ अंशाने बदलतो. जोरात वळताना गाडीचं अंगच काही अंशांनी कलतं आणि चाकांना आपल्याबरोबर कलवतं. झिजलेल्या लोअर आर्मच्या बुशमधून चाक यापेक्षा जास्त इकडेतिकडे होतं. टायरमधली हवा कमी-जास्त झाली तरी स्टिअरिंगमध्ये जो फरक पडतो तो हाताला कळतो. नरम स्प्रिंगच्या, साध्या टायरच्या रोजच्या गाडीत हे सगळे मोठे आवाज चालू असताना टॉवरच्या मिलिमीटरची कुजबुज कोणाला ऐकू येणार? म्हणून ज्यांना वाटतं की बारमुळे गाडी एकदम बदलली, त्यांना मी खोटं म्हणणार नाही. त्यांना काहीतरी जाणवलं असेल. पण त्याच दिवशी नवे टायर बसले होते का, अलाइनमेंट झालं होतं का, हे मी आधी विचारेन.

पोहरादेवी-दिग्रसच्या पट्ट्यातल्या कुठल्याही गॅरेजात हा विषय निघाला तर बोलणं साधारण असं होतं. पुण्याला कंपनीत लागलेला पोरगा गाडीचं बोनेट उघडून म्हाताऱ्या मिस्त्रीला विचारतो :

“काका, हा बार लावला का गाडी वळणावर चिपकून चालते म्हणतात. खरं हाय का?”

“चिपकते थे टायर, भाऊ. हा नाही.”

“मंग हा कायले हाय?”

“थे दोन टॉवर हायेत ना, थ्यायचं अंतर जपाले. अंतर हालत असन तं हा कामाचा. हालतच नसन तं हा कोनाले जपन?”

या एका प्रश्नात सगळं शास्त्र आलं. अंतर हलतं का? आणि समाधानाची गोष्ट अशी की हे मोजता येतं, त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एकात एक सरकणाऱ्या दोन हलक्या नळ्या घ्यायच्या, एकेक टोक एकेका टॉवरला पक्कं करायचं, आणि आतल्या नळीवर रबराची घट्ट कडी बाहेरच्या नळीच्या तोंडाला टेकवून ठेवायची. गाडी नेहमीच्या खराब रस्त्याने, नेहमीच्या वेगाने चालवून आणायची. टॉवर जवळ आले असतील तर कडी मागे ढकललेली सापडेल, आणि ती किती सरकली ते पट्टीने वाचता येईल. कडी जागच्या जागी असेल तर पैसे खिशात ठेवावेत. ती दोन-तीन मिलिमीटर सरकली असेल तर स्ट्रट बारला बोलावण्याची वेळ आली आहे, आणि त्याआधी टॉवरच्या बुडाशी गंज किंवा तडा आहे का हे पाहण्याची. कुजलेल्या पत्र्यावर बार लावणं म्हणजे दुखणं झाकणं. तिथे आधी वेल्डिंगच हवं.

त्याचे दोष सांगितल्याशिवाय ओळख पुरी होत नाही. तो दोन-तीन किलो वजन गाडीच्या पुढच्या, आधीच जड असलेल्या टोकावर ठेवतो. प्लग बदलायचा, बॅटरी काढायची, तर अनेक गाड्यांत आधी त्याला उतरवावं लागतं, आणि परत बसवताना नट योग्य ताणाने न आवळल्यास तो निव्वळ ओझं होतो. बोनेट आणि इंजिन यांच्यामध्ये पोकळी ठेवलेली असते, ती पादचाऱ्याचं डोकं बोनेटवर आपटलं तर पत्रा दबावा म्हणून. बार ती पोकळी भरतो. एका बाजूला जोराची धडक बसली तर तो धक्का दुसऱ्या टॉवरपर्यंत पोचवू शकतो, मग एकाऐवजी दोन टॉवर सरळ करण्याचा खर्च येतो. काही बारमध्ये लांबी कमी-जास्त करण्याचा आटा असतो. तो पिळून टॉवर ताणून ठेवायचा मोह अनेकांना होतो. गाडी सपाट जागी चाकांवर उभी असताना बार नुसता टेकला पाहिजे, त्याने आधीच टॉवरना ओढता किंवा ढकलता कामा नये. इतकं पथ्य पाळलं नाही तर ज्या अंतराची राखण करायला त्याला नेमलं, तेच अंतर तो बिघडवतो.

समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला, आणि ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर चालू आहे. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा. नवी, वेगवान गाडी घेतलेल्या पोराला वाटतं की या वेगासाठी आपल्याला बार हवा. पण सपाट, सरळ रस्त्यावर टॉवरांना एकमेकांकडे ढकलणारं जवळजवळ काही नसतं. तिथे जीव टायरवर, त्यातल्या हवेवर, ब्रेकवर आणि चालकाच्या झोपेवर अवलंबून असतो. बारचे पैसे असतील तर ते टायरवर घालावेत, हे मी कळवळून सांगतो. या रस्त्यावर टायर जपणं हे आपल्या माणसांना जपणं आहे.

मग तो कोणाचा? ज्याची गाडी जुनी आहे, कवच एकेकाळच्या पातळ पत्र्याचं आहे आणि रोजचा रस्ता खड्ड्यांचा आहे, त्याचा. ज्याने कडक स्प्रिंग आणि जास्त पकड असलेले टायर घालून गाडी ट्रॅकवर किंवा रॅलीत उतरवली आहे, त्याचा, कारण तिथे बाकीचा ढिलेपणा आधीच काढून टाकलेला असतो आणि टॉवरचा मिलिमीटर ऐकू येऊ लागतो. ज्या गाडीला छप्परच नाही, आणि म्हणून कवचाचा ताठपणा घटला आहे, तिचा. आणि ज्या गाडीच्या निर्मात्याने स्वतः मोजून त्याला जागा दिली, जशी बीएमडब्ल्यूने ई४६ पिढीच्या एम३ मध्ये दिली, तिचा तर तो जन्माचा सोबती. अशा घरांत त्याला दागिना म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

नव्या, शहाण्या अभियंत्यांनी संगणकावर भार मांडून घडवलेल्या साध्या हॅचबॅकमध्ये त्याच्यासाठी फारसं काम शिल्लक ठेवलेलं नसतं. टॉवर फायरवॉलशी, वरच्या काउलशी, खालच्या तुळयांशी आधीच घट्ट विणलेले असतात. बार करेल ते काम त्या पत्र्याच्या घड्यांत मुरलेलं आहे. तिथे तो आला तरी उपाशी बसतो. त्यात त्याची चूक नाही, त्याला नेमणाऱ्याची घाई आहे.

मला तो आवडतो, आणि आवडण्याचं कारण त्याचा रंग नाही. गाडीतल्या इतक्या भागांत ज्याचं काम एका वाक्यात सांगता येतं आणि एका पट्टीने तपासता येतं असे फार थोडे. तो वेग देत नाही, पकड देत नाही, ब्रेक लावत नाही. तो दोन टॉवरांमधलं अंतर राखतो, बस. जो सरळ आहे, एकसंध आहे, बळकट पायावर उभा आहे, तो ते काम गाडीच्या आयुष्यभर पगार न मागता करतो. आपण त्याच्याकडून वळणावरची जादू मागितली आणि ती मिळाली नाही म्हणून त्याला नावं ठेवली. मागणी आपली चुकली होती. आधी टायर, मग शॉकअप, मग बुश आणि अलाइनमेंट, मग गंज आणि वेल्डिंग, आणि एवढं सगळं नीट करूनही नळीवरची कडी सरकत असेल तर स्ट्रट बार. या क्रमाने त्याच्यापर्यंत पोचलेल्या माणसाला तो फसवत नाही.